बुरशी न लागलेले पोते

चोपड्याहून येणाऱ्या एसटीत ड्रायव्हरच्या सीटमागे एक पोते असायचे, आणि ते उतरवून घेणे हे निवृत्तीनंतर माझ्याकडे आलेले एकमेव पद होते. माझे घर जळगावच्या बसस्टँडपासून जवळ, आणि घरात रिकामा माणूस मीच. पोत्यात आस्कंदाच्या मुळ्या असत. आस्कंद म्हणजेच अश्वगंधा. पण अश्वगंधा म्हटले की डबीवरचा उधळलेला घोडा डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी आस्कंदच म्हणतो. मुळीला घोड्यासारखा वास येतो, एवढाच तिचा आणि घोड्याचा संबंध.

मुळ्या माझ्या भाचीसाठी येत. ती जळगावात राहते, धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि तिथल्याच प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. पोते पाठवणारे तिचे सासरे. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची केळी आहे, आणि बांधावर आस्कंदाची झुडपे. सगळे त्यांना आबा म्हणतात. सुनेच्या शिक्षणाला आबांनी आधी विरोध केला, मग दुर्लक्ष केले आणि तिला शेतातल्या मुळ्या लागतात हे कळल्यावर एकदम पाठिंबाच दिला. ज्या शिक्षणासाठी शेतातून काही न्यावे लागते ते त्यांना खरे वाटले असावे.

तिचा विषय मला तिने माझ्याच ओट्यावर बसून समजावला होता. बुरशीला तोंड नसते. ती आपले पाचकरस बाहेर टाकते, समोरचे बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. या रसातले काम करणारे घटक म्हणजे विकरे. काही वनस्पतींच्या मुळ्यांमध्ये अशी प्रथिने असतात, जी या विकरांना बूच बसवल्यासारखी अडवतात. समोर अन्न आहे, पण पचवता येत नाही. बुरशी उपाशी मरते. आस्कंदाच्या मुळीत असे प्रथिन असावे, ते वेगळे काढावे आणि केळीच्या मर रोगाच्या बुरशीवर लावून बघावे, असे तिचे काम. आमच्या भागात मर हा शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही. बाग उभीच्या उभी पिवळी पडते.

या सगळ्यावर तिची एक गोष्ट अडकून होती. कॉलेजात एक कायम जागा निघणार होती, आणि तोवर प्रबंध सादर झालेला असेल तरच तिला अर्ज करता येणार होता. इतकी वर्षे ती दर जूनला नव्याने नेमली जायची आणि दर एप्रिलला नव्याने रिकामी व्हायची. या वेळी जागा गेली तर पुढची कधी निघेल हे कुणालाच सांगता येत नव्हते.

मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. तिथे प्रबंध येत ते सोनेरी अक्षरे घेऊन, आणि एकदा कपाटात गेले की वाळवीशिवाय त्यांना कुणी वाचत नसे. त्यामुळे संशोधनाकडे बघण्याची माझी नजर आधीच वाकडी. भाची मला प्रकरणे वाचायला द्यायची ती भाषेसाठी, पण मी प्रश्न मजकुरावर काढायचो.

पहिलाच प्रश्न पोत्याने काढला. सुरुवातीच्या एका खेपेला पोते उघडले तर मुळ्यांवर पांढरी-हिरवी लव आलेली.

मी फोन केला. "तुझं औषध स्वतःच आजारी आहे."

"म्हणजे?"

"बुरशी लागलीय मुळ्यांना. बुरशीला मारणाऱ्या मुळ्यांना."

ती हसली. "मामा, ओल्या मुळ्या प्लास्टिकच्या पोत्यात कोंडल्यावर दुसरं काय होणार? आणि प्रत्येक बुरशीला हे बूच बसत नाही."

"म्हणजे केळीची बुरशी अडेल आणि पोत्यातली अडणार नाही."

"असू शकतं."

"हे 'असू शकतं' प्रबंधात किती वेळा आलंय?"

"तुम्ही भाषा तपासा हो फक्त," ती म्हणाली. पण संध्याकाळी ती पोते बघायला आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. तिने तिथूनच आबांना फोन लावला आणि सांगितले की या खेपेच्या मुळ्या बुरशी लागून फुकट गेल्या. पलीकडून आबा एवढेच म्हणाले, "बरं. मी देखस."

त्यानंतर एकही पोते खराब निघाले नाही. मुळ्या टणक, स्वच्छ, किंचित पांढुरक्या. घोड्याचा वासही कमी झालेला. त्याऐवजी ओल्या खडूसारखे काहीतरी नाकाला लागायचे. आबा धुऊन पाठवत असतील, असे मी धरून चाललो. माझ्या संशयी स्वभावाचा घरात एवढा बोलबाला आहे, पण नेमक्या या ठिकाणी तो गप्प बसला.

आणि मग वर्तुळे दिसू लागली. काचेच्या चपट्या बशीत बुरशी वाढवायची, मध्ये मुळीचा अर्क लावलेली कागदाची टिकली ठेवायची. अर्कात दम असेल तर टिकलीभोवती बुरशी वाढत नाही, तिथे स्वच्छ गोल जागा उरते. भाचीने फोनवर फोटो पाठवला. गोल इतका मोठा आणि इतका नेटका होता की मला पहिल्यांदा वाटले, कंपासने काढलाय.

"किती छान आलंय ना?" ती म्हणाली.

"फारच छान आलंय," मी म्हणालो. तिला त्यातला "फारच" ऐकू आला नसावा.

तिच्या मार्गदर्शकांना मात्र कुठल्याच गोष्टीचे प्रमाण जास्त वाटत नसे. हे गृहस्थ धुळ्यात प्रसिद्ध आहेत. त्यांच्या केबिनमध्ये सन्मानचिन्हांचे काचेचे कपाट आहे आणि त्यात जागा उरली नाही म्हणून काही खिडकीत मांडली आहेत. त्यामुळे त्या खोलीत उजेड सत्कारांतून गाळून येतो. वर्तुळ बघताच त्यांनी "जागतिक पातळीवर" हे शब्द उच्चारले. पंधरवड्याच्या आत समारंभ ठरला. शेतकरी मेळावा, पाहुणे, शाल, नारळ, आणि "मर रोगावर आस्कंदाचा उतारा" अशी घोषणा. प्रबंध त्याच महिन्यात सादर करू, असेही त्यांनी भाचीला सांगितले.

चौकात फ्लेक्स लागला तो मी स्वतः जाऊन पाहिला. मधोमध सर, हातात परीक्षानळी, नजर दूर कुठेतरी देशाच्या भवितव्यावर. खालच्या कोपऱ्यात, जिथे साधारणपणे दुःखद निधनाचे फोटो असतात त्या आकाराची, माझी भाची. आणि सरांच्या खांद्यामागे एक भलीमोठी मुळी. ती आस्कंदाची नव्हती. ती कोरियाची जिनसेंग होती, हातपाय फाकवून बसलेल्या माणसासारखी. कुणीतरी इंटरनेटवरून उचललेली. जिचा शोध लागला होता त्या मुळीलाच तिच्या सत्काराला बोलावले नव्हते.

मी हे भाचीला सांगितले तेव्हा तिला हसू आले नाही. ती माझ्याकडे आली होती तीच मुळी काहीतरी सांगायला.

"मामा, अंडं उकडल्यावर काय होतं?"

"घट्ट होतं."

"प्रथिन बिघडतं म्हणून. तसाच हा अर्क उकळला तर प्रथिन बिघडायला हवं आणि वर्तुळ जायला हवं. मी उकळून बघितला. वर्तुळ तसंच आहे."

"सर काय म्हणतात?"

"उष्णतेलाही न जुमानणारं प्रथिन. म्हणजे शोध आणखी मोठा."

"असतात का अशी?"

"असतात काही. म्हणून तर मी गप्प बसले." तिने पाण्याचा पेला हातात नुसता धरून ठेवला होता. "पण मग मी अर्क एका बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवला. प्रथिनाचे कण मोठे असतात, ते पिशवीतच राहतात. बारीकसारीक काही असेल ते पाण्यात निघून जातं. तर पिशवीतल्या अर्काचं वर्तुळ गेलं. उकळलं तर राहतं, पिशवीत ठेवलं तर जातं. मामा, हे बरोबर उलटं आहे."

"म्हणजे जे मारतंय ते प्रथिन नाही."

"किंवा माझं काहीतरी चुकतंय."

"सर?"

"म्हणाले, पिशवीत प्रथिन खराब झालं असेल. म्हणाले, विज्ञानात थोडी श्रद्धाही लागते, मॅडम."

उकळत्या पाण्यात खराब न होणारे आणि गार पाण्यात खराब होणारे प्रथिन माझ्या डोक्यात काही बसेना. मला सरांचा संशय आला, की त्यांना हे कळलेले आहे. प्रयोगशाळेच्या पाण्याचा आला, टिकल्यांच्या कागदाचा आला, अगदी भाचीचाही क्षणभर आला. ज्या माणसाला कायम नोकरी हवी असते त्याचे डोळे वर्तुळ मोठे बघू शकतात. मुळ्यांचा मात्र आला नाही, कारण त्या घरून येत होत्या.

शेवटच्या मुळ्या संपत आल्या होत्या. ती म्हणाली, या वेळी मीच जाऊन माझ्या हाताने उपटून आणते. मी म्हटले, मीही येतो.

शेतात पोचलो तेव्हा कांदेबागेची लागवड चालू होती. कांदेबाग म्हणजे कांद्याची नव्हे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला लावतात त्या केळीला आमच्याकडे कांदेबाग म्हणतात. केळीच्या कंदांचा ढीग पडला होता, बाजूला निळा ड्रम, त्यात दुधाळ पाणी. हल्ली पुष्कळ जण लॅबची तयार रोपे लावतात, पण आबा अजून स्वतःच्या बागेतलेच कंद लावतात. कंद औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय जमिनीत घालायचा नाही, हा त्यांच्या घरात देवपूजेसारखा नियम आहे. आबा धोतराचा सोगा खोचून कंद बुडवत होते.

"या भाऊ," आबा मला म्हणाले. "चहा मांडेल शे. पण तुम्ही तं चहा बी हुंगीसनच पितस."

"हुंगण्यासारखा असला तर," मी म्हणालो.

आबा खूश झाले. हात पुसत सुनेकडे वळले. "तुले उपटानी गरज नही. कालदिनच काढी ठेवेल शेतस." आणि त्यांनी ड्रमच्या काठाला दोरीने बांधलेली कांद्याची जाळीदार गोणी वर ओढली. तिच्यातून पांढरे पाणी निथळले. आत आस्कंदाच्या मुळ्या होत्या.

भाची बघतच राहिली. "आबा, हे काय?"

"तुन्या मुळ्या."

"ड्रमात?"

"मंग कोठे? तूच सांगेल व्हतं ना, मुळ्यासले बुरशी लागस म्हणीसन. तवयपासून दर खेपेले औषधमा बुडाडीसन धाडस. रातभर. कंदले तं मी एवढा येळ बी देत नही." त्यांनी गोणी अभिमानाने झटकली. "एक बी सडनी का? सांग."

"नाही," भाची म्हणाली. "एकही नाही सडली."

"मंग!"

तिने औषधाचे पाकीट मागितले. आबांनी दाखवले. ते केळीच्या बुरशीवरचेच औषध होते. दुकानात मागितले की मिळते ते. ती पाकिटावरची बारीक अक्षरे वाचत कंदांच्या ढिगावर बसली. मला ओल्या खडूचा वास आला, आणि या वेळी तो कुठून येतो हे डोळ्यांसमोर होते. मुळ्या ती प्रयोगशाळेत नीट धुऊन घ्यायची. पण रात्रभर भिजून आत मुरलेले औषध नळाखाली जात नाही. ते उकळूनही गेले नव्हते. पिशवीच्या बारीक छिद्रांतून मात्र निघून गेले होते.

"काय व्हयनं?" आबांनी मला विचारले.

मी तिच्याकडे पाहिले. हे सांगणे माझे काम नव्हते.

तिनेच सांगितले, आणि चांगले सांगितले. ओट्यावर बसून मला समजावले होते त्याहून सोपे. मुळीत बुरशी मारायचा गुण आहे का, हे ती बघत होती. बुरशी मेली. पण मेली ती ड्रममधल्या औषधाने.

आबांनी गोणी हळूच खाली ठेवली. बराच वेळ त्यांनी पाकीट उलटसुलट केले.

"म्हणजे मीच तुले नापास करं का?"

"नाही हो, आबा."

"मंग मन्ही आस्कंदमा काहीच दम नही?"

"ते माहीत नाही," ती म्हणाली. "इतके दिवस मी मुळीला काही विचारलंच नाही. ड्रमलाच विचारत होते."

दुसऱ्या दिवशी ती धुळ्याला गेली. मी बरोबर गेलो, कारण तिला पाठीशी कुणीतरी हवे होते आणि मला सरांचा चेहरा बघायचा होता. चेहऱ्यावर काही दिसले नाही. सगळे ऐकून घेतल्यावर सरांचा पहिला प्रश्न होता, "हे किती लोकांना माहीत आहे?"

मला वाटले, माणसाला ओळखायला एवढा प्रश्न पुरे आहे.

"आम्हाला, आबांना आणि आता तुम्हाला," भाची म्हणाली.

"हे बघा मॅडम, मुळीत औषध मुरून मुरून किती मुरलं असेल? नगण्य."

"सर, नगण्य प्रमाणातही बुरशी मरते, म्हणून तर ते औषध आहे."

"कार्यक्रम रविवारी आहे. पाहुण्यांना शब्द दिलाय. प्रयोग काय, नंतरही करता येईल. तुमचा प्रबंध अडकेल, याचा विचार केलात? जागा कुणासाठी थांबत नाही."

ही धमकी नव्हती. ते खरेच सांगत होते. खिडकीतल्या सन्मानचिन्हांवर एक माशी फिरत होती. तिने पदर सारखा केला.

"समोर केळीवाले बसतील, सर," ती म्हणाली. "माझे सासरे त्यांच्यातलेच आहेत. ते उद्या आस्कंद वाटून बागेत ओततील आणि औषध बंद करतील. माझं नाव काढा. आणि अर्काचंही नाव घेऊ नका."

सरांनी माझ्याकडे पाहिले. बहुधा मी समजूत घालीन असे त्यांना वाटले असावे. मी कपाटातले एक सन्मानचिन्ह वाचत होतो.

समारंभ झालाच. शालीचा विषयाशी संबंध असावा लागत नाही. फ्लेक्सवर मजकुराच्या जागी कागदाची पट्टी चिकटवली गेली, "कृषिक्षेत्रातील बहुमोल योगदान". भाचीच्या फोटोवर एका पाहुण्यांचा फोटो आला. जिनसेंग होती तिथेच राहिली. जागेचा अर्ज भरायची मुदत महिनाभराने येऊन गेली. त्या दिवशी भाची माझ्याकडे आली आणि जेवली. जाताना म्हणाली, "पुढच्या जूनला परत तासिकाच." दारातली चप्पल पायात सरकवायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

आबांनी त्यानंतर पोते एसटीच्या ड्रायव्हरवर सोपवणे बंद केले. धुतलेल्या सुती धोतराच्या फडक्यात मातीसकट मुळ्या बांधून, मांडीवर घेऊन ते स्वतः चोपड्याहून आले. गाडीत शेजारच्या बाईने गाठोडे खाली ठेवा म्हटले तर तिच्याशी भांडले, असे त्यांनीच सांगितले. मी गाठोडे हुंगले. घोडा परत आला होता.

काही आठवड्यांनी भाचीने मला प्रयोगशाळेत बोलावले. टेबलावर बश्या ओळीने मांडल्या होत्या. खुणा बश्यांच्या तळाला, मला दिसणार नाहीत अशा.

"काहींत कच्चा अर्क आहे, काहींत उकळलेला, काहींत पिशवीतला, काहींत नुसतं पाणी," ती म्हणाली. "कुठे वर्तुळ दिसतं ते सांगा."

"मला यातलं काय कळतं?"

"तुमचा कशावर विश्वास नाही. मला तसाच माणूस हवाय. माझे डोळे आता माझ्या कामाचे नाहीत, त्यांना वर्तुळ हवंय."

मी चष्मा पुसला. आधीच्या फोटोतला तो कंपासने काढल्यासारखा गोल कुठेच नव्हता. पुष्कळ बश्यांत बुरशी टिकलीच्या अंगावर चढून बसलेली. त्या मी बाजूला सारल्या. उरलेल्यांत टिकलीभोवती नखाच्या कडेएवढी काहीतरी मोकळी रेघ होती. होती, की मी इतक्या लांबून आलो म्हणून मला दिसत होती?

"इथे आहे असं वाटतंय."

"वाटतंय ते नको. दिसतंय ते सांगा."

मी पुन्हा बघितले, बशी उजेडाकडे धरली, आणि निवडल्या. तिने एकेक उलटी केली. कच्चा. पिशवीतला. पिशवीतला. कच्चा. उकळलेली एकही नव्हती. प्रथिन असेल तर असेच व्हायला हवे होते. मला श्वास सोडावासा वाटला तेवढ्यात तिने शेवटची उलटी केली. नुसते पाणी.

"ही पण तुम्ही निवडलीत," ती म्हणाली.

"मग सगळंच गेलं?"

"नाही. सगळंच आलंही नाही." तिने पाण्याच्या बशीचीही नोंद केली, बाकीच्यांच्या खालीच, तशाच अक्षरात. "पुन्हा करायला लागेल. दुसऱ्या कुणाला तरी बसवून."

"माझ्याहून संशयी?"

"माझ्या नवऱ्याला बसवते. त्याला भाजीत मीठ आहे की नाही हेही तीनदा विचारायचं असतं."

तेवढ्यात आबांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"निघनं का काही?"

"थोडंसं निघालंय बहुतेक, आबा. नक्की नाही. मामांनी तर पाण्याची बशी पण निवडली."

"त्यासले पानीवर बी संशय शे," आबा म्हणाले. "मी परोनदिन नवी खेप लई येस. माती झटकीसन आनू का तशीच?"

"तशीच आणा. धुऊ नका, पुसू नका, कशातही बुडवू नका. काहीच करू नका, आबा."

"काहीच नही?"

"काहीच नाही."

केळीच्या बागेत उभ्या माणसाला काहीच करू नका हे पहिल्यांदाच सांगितले जात असावे.

"बरं," आबा म्हणाले. "नुसता धरीसन बसस मी."